तात्यांचा न जळणारा फ्यूज

घाबरू नका मित्रांनो, आता माझ्यात वीज नाही. मी एक जुना फ्यूज आहे. चिनीमातीचा, मुठीत मावेन एवढा. माझ्या पोटात एक बारीक तार असते. विजेचा भार झेपेनासा झाला की ती जळते आणि घर वाचतं. जळणं हेच माझं काम, पण तात्यांना ते कधी पटलं नाही.

लालबागच्या चाळीत मी तात्यांच्या दारावर होतो. तात्या पोस्टातले निवृत्त हेडक्लार्क. घरात विजेची पाळी त्यांनीच लावलेली. इस्त्री चालू असली तर मिक्सर नाही, मिक्सर चालू असला तर गिझर नाही. सूनबाई वासंती मिक्सरला हात लावण्याआधी विचारायची आणि तात्या पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "थांब, शंतनुचा शर्ट होऊ दे." शंतनु म्हणजे वासंतीचा नवरा.

तरी मी अधूनमधून जळायचोच. मग सगळे माझ्यावर चिडायचे. एकदा वैतागून तात्यांनी माझ्या पोटात कपडे वाळत घालता येतील अशी जाड तार घातली. त्यानंतर मी जळलो नाही. माझी कीर्ती चाळभर पसरली. माझ्यामागची भिंत तापून पिवळी पडली, तिथे तात्यांनी कॅलेंडर टांगलं.

बहिणीने वासंतीला एक ओव्हन दिला होता. तिला केकच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. पण ओव्हनला पाळीत जागा नव्हती. तो खोक्यातच राहिला.

मग चाळ पाडली आणि टॉवर उभा राहू लागला. तात्यांनी मला रुमालात बांधून अँटॉप हिलच्या भाड्याच्या घरी नेलं. एके सकाळी बिल्डरच्या ऑफिसातून बोलावणं आलं. तात्या, वासंती आणि शंतनु गेले, आणि रुमालातला मी तात्यांच्या खिशात. भिंतींत वायरी घालण्याआधी प्रत्येक घराने किती वीज लागेल ते सांगायचं होतं. नंतर वाढवायची तर नव्याकोऱ्या भिंती फोडाव्या लागणार.

उन्मेष नावाच्या इंजिनिअरने विचारलं, घरात काय काय चालणार? वासंती मोजू लागली. दोन एसी, गिझर, ओव्हन... तात्यांनी तिला थांबवलं. म्हणाले, हे सगळं असेल हो, पण एका वेळी एकच. गिझर सगळ्यात मोठा, तेवढाच धरा. उन्मेष गोंधळला. पाहुणे आले तर काय, म्हणाला.

"त्यांना पाळी समजावून सांगू," तात्या म्हणाले.

वासंतीने मोजायला उघडलेली बोटं मिटली. आता ओव्हन जन्मभर खोक्यात, हे मला रुमालातूनही कळलं.

तेवढ्यात तात्यांनी पुरावा म्हणून मलाच टेबलावर ठेवलं. इतकी वर्षं घर याच्यावर चाललंय आणि हा एकदाही जळला नाही, असं अभिमानाने सांगितलं. मी लाजलो.

वासंतीने मला उचलून उलटं केलं. जाड तार आणि काळं पडलेलं पोट सगळ्यांना दिसलं.

"तात्या, याला तुम्ही जळू दिलंच नाहीत," ती हळूच म्हणाली. "आणि घर याच्यावर नाही चाललं. माझ्या थांबण्यावर चाललं."

शंतनुने भिंतीवरचा नकाशा फार लक्ष देऊन वाचायला घेतला. तात्या माझ्या पोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी उन्मेषला विचारलं, ओव्हन आणि दोन्ही एसी एकदम लावले तर? थ्री फेज, म्हणजे मोठं कनेक्शन घ्यावं लागेल काका, तो म्हणाला.

"मग घ्या. गिझरही धरा." तात्या जरा घुटमळले. "आणि इस्त्री. शर्ट राहायला नकोत."

आता नव्या घरात माझ्या जागी खटके आहेत. ते पडतात आणि पुन्हा उठवता येतात. मी खिडकीत तात्यांच्या पेपरवर वजन म्हणून बसतो. पहिला केक भाजताना तात्या दोनदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन दिव्याकडे बघून गेले. तिसऱ्यांदा ताटली घेऊन आले.

तर मित्रांनो, नवं घर बांधाल तेव्हा एकदम काय काय चालू करावंसं वाटतं, ते घरातल्या प्रत्येकाला विचारा. फ्यूज जळला तर चिडून जाड तार घालू नका, तो का जळला ते बघा. आणि जो कधीच जळत नाही, त्याचं कौतुक करण्याआधी त्याला एकदा उलटून बघा.