माझा मागचा डावा पाय

मी एक जुनी खुर्ची आहे.

काट. आमच्या घरच्या लेखकांनी हे वाक्य खोडले असते. "खुर्ची आहेस ते दिसतंय, पुढे बोल," असे म्हणाले असते.

मित्रांनो, पुन्हा सुरू करते.

मी एक जुनी, कुरकुरणारी खुर्ची होते. आता कुरकुरत नाही. माझे सगळे आयुष्य या दोन वाक्यांच्या मध्ये आहे.

माझा जन्म भुशाने भरलेल्या एका दुकानात झाला. सुताराने माझे तीन पाय चांगल्या लाकडाचे केले. चौथ्याचे, म्हणजे मागच्या डाव्या पायाचे लाकूड पुरते वाळलेले नव्हते. नव्याने संसार मांडणाऱ्या एका जोडप्याने मला घरी नेले. पहिल्याच उन्हाळ्यात तो पाय आकसला, सांध्यात केसभर फट पडली आणि मी बोलू लागले. कुर्र.

नवरा लेखक होता. ते भुताखेतांच्या गोष्टी लिहायचे, पण अशा की घाबरता घाबरता माणूस हसायचा. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणते.

त्यांची एक रीत होती. लेखक खिडकीकडे तोंड करून उभे राहत आणि नवे लिखाण मोठ्याने वाचत. वहिनी माझ्यावर बसून ऐकत. वहिनींना हसू आले तरी आवाज यायचा नाही. ओठ मिटलेले, फक्त अंग हलायचे. ते हलणे माझ्या मागच्या डाव्या पायात उतरायचे. कुर्र. लेखक मागे वळून न बघता लाल पेन्सिलीने त्या ओळीपुढे खूण करायचे. मी गप्प राहिले, तर काट.

"अहो, हे भूत फारच चांगल्या घरातलं वाटतं," वहिनी म्हणायच्या.

"मग काय करू?"

"थोडं बिघडवा. तुमच्या मामांसारखं करा."

मामांसारखे केले की मी कुरकुरायचे.

लेखक भाषणांनाही जात. सभागृह खदखदून हसले की घरी येऊन सांगत. एकदा मुलाखत घ्यायला आलेल्या बाईंनी विचारले, "विनोद जमला की नाही, हे तुम्हाला आधीच कसं कळतं?"

"फर्निचर सांगतं," लेखक म्हणाले.

बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. माझे एवढे कौतुक पुन्हा कुणी केले नाही.

मग वहिनी आजारी पडल्या. आधी माझ्यावर एक उशी आली. मग दोन उशा. मग कुणीच आले नाही.

इथे लेखकांनी एखादा विनोद घातला असता. मीही घालून पाहिला. काट.

त्या वेळी एक गोष्ट अर्धी राहिली होती. एक कारकून मरतो. त्याला ते कळत नाही आणि तो कचेरीत जातच राहतो. कचेरीतही कुणाला कळत नाही. उलट साहेब पहिल्यांदाच त्याला शाबासकी देतात, कारण आता तो चहाला उठत नाही. ती गोष्ट पुरी करायला लेखक खिडकीशी उभे राहत, वाचत आणि थांबत. मी रिकामी. रिकामी खुर्ची कुरकुरत नाही. काट, काट, काट. प्रकाशकांचा फोन आला की ते म्हणत, "भूत आजारी आहे."

काही दिवस राहायला त्यांची बहीण आली. ती चहाचा कप घेऊन माझ्यावर टेकली. लेखक वाचत होते. साहेबांच्या शाबासकीपाशी बहीण खुदकन हसली आणि मी कुरकुरले.

लेखक गर्रकन वळले. माझ्या वाट्याला कायम त्यांची पाठ आली होती. त्या दिवशी चेहरा दिसला. तो आधी उजळला, मग बहीण दिसताच विझला.

"दादा, काय झालं? भूत बघितल्यासारखं काय बघतोस?"

"काही नाही गं. तू चहा पी."

बहिणीला वाटले, या आवाजाचा दादाला त्रास होतो. लेखक भाषणाला परगावी गेले, तेव्हा तिने सुताराला बोलावले. त्याने सांध्यात सरस भरला आणि पाचर ठोकली.

"बघ दादा, आता हूं की चूं करत नाही," ते परत आल्यावर ती म्हणाली.

लेखकांनी माझी पाठ दाबली. पुन्हा दाबली. मी सगळा जोर लावला.

"छान केलंस," ते म्हणाले.

तिचा दोष नाही, मित्रांनो. तिने काळजीच घेतली. फक्त विचारायचे राहिले.

बहीण गेली. मी भिंतीकडे सरकले. माझ्यावर वर्तमानपत्रे आली, मग पंख्याचे खोके. लेखक भाषणांत जुन्याच गोष्टी सांगत. घरात वाचण्याचा आवाज बंद झाला. मला वाटले, आम्हा दोघांचेही काम संपले.

एका दुपारी त्यांनी खोके उतरवले, वर्तमानपत्रे उतरवली आणि स्वतः माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खिडकीशी कुणी नव्हते. त्या रिकाम्या जागेला ते वाचून दाखवू लागले.

कारकून संध्याकाळी घरी येतो. बायकोला पहिल्या दिवसापासून सगळे माहीत असते. ती सांगत नाही, कारण सांगितले तर तो यायचा बंद होईल. म्हणून ती रोजच्यासारखीच दारात म्हणते, "आज पण उशीर? कचेरीत जीव द्यायला बसता का?"

लेखकांचे अंग हलू लागले. हसत होते की रडत होते, मला कळले नाही. खालून दोन्हींचे वजन सारखेच लागते. मी कुरकुरू पाहत होते. सरस सोडत नव्हता. लाल पेन्सिल कागदावर टेकलेली राहिली. खूण झाली नाही. काटही नाही.

आता ते रोज बसतात, तेच पान वाचतात.

मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू आवाज करत असेल, तर ती दुरुस्त करण्याआधी घरच्यांना विचारा, कुणी तो आवाज ऐकत बसते का. आणि दुरुस्त केलीच, तर निदान तिच्यावर बसा. वर्तमानपत्रांचे वजन वेगळे असते.

सरस वाळून तडकतो. रोजच्या बसण्याने पाचर सैल होते. काल कारकून दारात आला, तेव्हा माझ्या मागच्या डाव्या पायात अगदी बारीक काहीतरी हलले. आवाज म्हणावा इतकाही नव्हता.

पण लेखक वाचता वाचता थांबले. मग त्या ओळीपुढे त्यांनी खूण केली.