टाकीतून आलेला शनी

मी एक जुना शनी आहे. हसू नका, मित्रांनो! आकाशातला तो खराखुरा शनी वेगळा, मी त्याचा इथला प्रतिनिधी. माझ्या अंगावर पिवळसर पट्टे आहेत, कमरेभोवती कडी आहेत आणि डोक्यावर चक्क एक षट्कोन आहे. पण मी काही जन्मापासून ग्रह नव्हतो. जन्माने मी बॉलकॉकचा गोळा. टाकीत तरंगायचं आणि टाकी भरली की दांडी उचलून नळ बंद करायचा, एवढंच माझं काम.

एका कारखान्यात दोन प्लास्टिकच्या वाट्या गरम असतानाच एकमेकींना चिकटवल्या आणि मी झालो. साच्यातून काढताना कुणीतरी घाई केली असावी, कारण मी वरून-खालून जरासा दबलो. तपासणाऱ्या बाईंनी मला उलटसुलट फिरवून नाक मुरडलं. "चपटा आहे हो! पण जाऊ दे, टाकीत कोण जातंय याचं रूप बघायला?" झालो पास! डोक्यावर पितळेचा सहा कोनांचा नट बसवला आणि माझी रवानगी खोक्यात झाली.

मग एका प्लंबरने मला एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत बसवलं. काय सांगू तो काळ! खालच्या एकाही माणसाला मी ठाऊक नव्हतो, पण सगळ्यांच्या आंघोळी नि धुणीभांडी माझ्या जिवावर चालायची. पाणी उतरलं की मी खाली, पाणी चढलं की मी वर. टाकी धुवायला आला की प्लंबर माझ्या पाठीवर ओली थाप मारायचा. "शाबास रे गड्या, थेंब सांडू दिला नाहीस!" त्या एका थापेवर मी पुढचे कितीतरी महिने तरंगायचो.

पुढे मोटर आपोआप बंद करणारं यंत्र आलं. त्याला बटणं होती, हिरवा दिवा होता. मला नुसतं तरंगता येत होतं. प्लंबरने मला काढलं, पण त्याला टाकवेना, म्हणून घरी नेऊन पलंगाखालच्या खोक्यात ठेवलं. तिथे तुटक्या तोट्या, गंजलेले पाइप आणि मी. कोरडा ठणठणीत! प्लंबरच्या बहिणीला, म्हणजे घरातल्या आत्याला, ते खोकं डोळ्यांसमोर नको असायचं. "दादा, रविवारी भंगारवाला येईल. हे गेलं नाही तर मी जाईन त्याच्या गाडीवर बसून!"

त्या रविवारच्या आधीच खोक्यात एक हात शिरला. तो होता प्लंबरच्या मुलीचा. घरात तिचं तोंड अखंड चालू, म्हणून तिला सगळे टिटवी म्हणायचे. शाळेत मात्र ती मिठाची गुळणी धरून बसायची. गेल्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात ती टेबलामागे उभी राहिली आणि एक शब्द फुटला नाही. या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, बाईंनी ग्रहांबद्दल विचारलं आणि ती उठून म्हणाली, "पुरेसा मोठा टब असेल तर शनी पाण्यावर तरंगेल." अख्खा वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मग आम्हीही त्याच्यावर बसून फिरून येतो!" बाई मात्र म्हणाल्या, "प्रदर्शनात दाखव आणि समजावून सांग."

दाखवणं सोपं होतं. सांगणं? तिथेच तर घोडं अडत होतं.

तिने मला उचललं, दिव्यापाशी नेलं आणि किंचाळलीच. "बाबा, हा चपटा आहे! शनीपण चपटा आहे! इतका गरागरा फिरतो ना, म्हणून मधे फुगलाय!"

"वरचा नट कापून देऊ का? टोचेल कुणाला."

"नको! हात नका लावू! शनीच्या उत्तर ध्रुवावर ढगांचा षट्कोन आहे, बाबा. त्याची एकेक बाजू आपल्या पृथ्वीपेक्षा लांब!"

मित्रांनो, ज्या रूपाला नाकं मुरडली होती, त्याच रूपावर कुणी असं नाचेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तिने मला रंगवलं. मोठ्या पाइपांच्या जोडांत बसवतात ते दोन रबरी वॉशर घेतले, एक मोठा आणि एक लहान, आणि बारीक तारांनी माझ्याभोवती एकात एक बसवले. दोघांच्या मधे तिने मुद्दाम एक फट ठेवली. शनीच्या कड्यांत अशी एक काळी फट दिसते म्हणे. आत्या म्हणाली, "लोक शनीला लांबून नमस्कार करतात, आमची पोर त्याला कडेवर घेऊन फिरते!"

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी टिटवी टेबल मांडायला शाळेत गेली आणि प्लंबर कामावरून घरी आला. त्याने मला कौतुकाने हातात घेतलं, आणि त्याला ती फट दिसली.

आता फट दिसल्यावर प्लंबरचा हात स्वस्थ बसेल का? त्याने पिशवीतलं गळती बुजवायचं सील काढलं, मळलं, आणि फट अशी काही बुजवली की मुंगी शिरणार नाही. उरलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून एका बाजूला जास्तच थापलं. संध्याकाळपर्यंत ते दगड झालं होतं.

टिटवी आली, तिने मला पाहिलं, आणि प्रथमच त्या घरात ती गप्प झाली.

"गळत होतं, म्हणून..." प्लंबर म्हणाला.

"बाबा, ती फट हवी होती!"

"फट हवी होती? अगं, एवढी वर्षं काम करतोय, फट हवी म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं!"

आत्या पदर तोंडाला लावून हसली, पण प्लंबरचा चेहरा पाहून थांबली. तो खिळा घेऊन खरवडायला बसला. तारा वाकायला लागल्या. खिळा माझ्या अंगापर्यंत आला असता तर मला भोकच पडलं असतं!

"थांबा, बाबा." टिटवी हळूच म्हणाली. "ती फट लांबून काळी दिसते, पण अगदी रिकामी नाहीये. जवळून गेलेल्या यानांना तिथेही कण दिसले होते." तिने काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि ते सील रंगवून टाकलं. प्लंबरने खिळा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी टबाभोवती गर्दी जमली. वेधशाळेतून आलेल्या पाहुण्या बाई पुढेच उभ्या होत्या. टिटवीने आधी लोखंडी नट सोडला. "ही पृथ्वी," ती कसंबसं बोलली. नट बुडाला. मग तिने मला सोडलं.

आणि मी कलंडलो! त्या थापलेल्या सीलाचा भार एका बाजूला आला आणि कड्यांची एक कड पाण्यात गेली. "बुडाला, बुडाला!" मागून गलका झाला. टिटवीचे ओठ हलले, पण आवाज नाही. गर्दीच्या मागे प्लंबर कामाच्या कपड्यांत उभा होता. त्याने मान खाली घातली.

मित्रांनो, मला बोलता येत नव्हतं. मला जे येतं तेच मी केलं. मी तरंगत राहिलो.

टिटवी माझ्याकडे बघत होती. एकाएकी तिचे डोळे चमकले. "बुडाला नाहीये! शनी असाच कललेला असतो!"

आणि मग जी सुटली, ती सुटलीच! "म्हणून कडी कधी रुंद दिसतात, आणि साधारण पंधरा वर्षांनी आपल्याला त्यांची नुसती कड दिसते, तेव्हा ती गायब झाल्यासारखी वाटतात! कारण ती लाखो किलोमीटर पसरलेली, पण कागदासारखी पातळ. आणि सलग नाहीत हं! बर्फाचे तुकडे आहेत, काही धुळीएवढे, काही घराएवढे!"

"चंद्र किती?" कुणीतरी विचारलं.

"मोजणारे दमतात, इतके!"

पाहुण्या बाई वाकल्या. "पण बाळ, पोकळ गोळा तरंगणारच. शनी काय पोकळ आहे?"

टिटवीने मान हलवली. "नाही, मॅडम. तो मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा आहे. आत खोलवर खूप दाट आहे, पण सरासरी काढली तर पाण्यापेक्षा हलका. माझा गोळा हा काही पुरावा नाही. फक्त लक्षात राहावं म्हणून."

"आणि ही फट भरायचं कुणाला सुचलं? बहुतेक मुलं ती रिकामीच ठेवतात."

"माझ्या बाबांना!" ती मागे बोट दाखवून ओरडली. "चुकून. पण बरोबर!"

प्लंबरचे कान लाल झाले. बक्षीस फेस ओकणाऱ्या ज्वालामुखीला मिळालं. आम्ही मात्र वाजतगाजत घरी आलो, कारण टिटवीचं तोंड वाटेत एकदाही मिटलं नाही.

आता मी तिच्या खिडकीत टांगलेला असतो. रंग थोडा उडालाय. भंगारवाला आला की मी त्याला दिसू नये म्हणून आत्या खिडकी लोटून घेते. प्लंबर येता-जाता मला थाप मारतो, आणि मी तारेवर गरगर फिरतो.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. एखादी जुनी वस्तू टाकायची झाली तर आधी तिला नीट उलटसुलट फिरवून बघा. आणि तुमच्या वर्गात कुणी गप्प बसणारं बोलायला उठलं आणि अडखळलं, तर लगेच हसू नका, थोडं थांबा. कलंडलेलं सगळंच बुडत नसतं.