एका श्वासाचे गोळे

पहिला: खरबुजाएवढा.

नात जन्मली त्या दिवशी आजोबांनी वितळलेली काच नळीच्या टोकावर घेतली आणि एका श्वासात फुगवली. मध्ये तोंड काढायचं नाही, दुसरा श्वास घ्यायचा नाही, हा त्यांचाच नियम. मग दर वाढदिवसाला एक गोळा.

चौथा: संत्र्याएवढा.

"नळी चोंदलीय," म्हणून त्यांनी नळी बदलली.

(मध्ये खोकला. तो हिशेबात धरायचा नाही. चाळीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्याला खोकला यायचाच, असं त्यांचं मत.)

सातवा: लिंबाएवढा. नळी तिसरी. जिना चढताना दम लागला, तर जिनाच उंच.

नातीने सातही गोळे खिडकीत ओळीने मांडले.

"आजोबा, मी मोठी होतेय, मग हे लहान का होतायत?"

"हल्लीची काचच तशी गं."

"मग आठवा वाटाण्याएवढा? आणि नववा?"

उत्तराला तोंड उघडलं, तर खोकलाच आला. थांबेचना. नातीची आई धावत आली. "बस झालं बाबा! उद्या दवाखाना."

दवाखान्यात नर्सबाईंनी फुंकायला नळी दिली. आजोबा खुलले. "बाई, जन्म गेला नळ्या फुंकण्यात!"

"फुंका! अजून! अजून! अजू...न!"

नर्सबाईंनी यंत्रावरचा आकडा पाहिला, मग पुन्हा पाहिला.

"हीसुद्धा चोंदलीय," आजोबा धापा टाकत म्हणाले.

नर्सबाईंनी नळीचं तोंड बदलून स्वतः फुंकलं. यंत्र ठणठणीत होतं.

"गेलेला दम सगळा परत येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण उरलेला राखता येईल. सिगारेट सोडायची, त्याला आम्ही मदत करू. आणि हा औषधाचा पंप रोज ओढायचा. इतके दिवस काय करत होतात?"

"नळ्या बदलत होतो."

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. मग आजोबाही. हसता हसता खोकला आला, तो या वेळी हिशेबात धरला.

आठवा:

सिगारेट सुटून सात महिने झाले होते. आजोबांनी कोपऱ्यात टाकलेली पहिली नळी शोधली, पुसली, "माफ कर बाई" म्हणाले आणि फुंकली.

दुसऱ्या दिवशी गोळा निवल्यावर नातीने सातव्याभोवती दोरा गुंडाळला, मग तोच आठव्याभोवती.

"आजोबा! लिंबूच! तस्संच लिंबू!"

आजोबांनी तिला उचललं आणि भट्टीभोवती एक फेरी मारली. अर्धी फेरी झाल्यावर खाली ठेवलं. उरलेली दोघांनी चालत पूर्ण केली.