संतबाईंची दाढ

कॅथेड्रल दुपारी चारला प्रार्थनेसाठी बंद होतं, हे मी बाबांना सकाळच्या चहापासून सात वेळा सांगितलं होतं. तरी आम्ही पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. वाटेत त्यांचा बूट चावला, मग पाणी हवं झालं, मग एका बाकावर "दोनच मिनिटं" बसायचं होतं. ती दोन मिनिटं वीस मिनिटं चालली.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात आराखडे काढते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी याच गॉथिक इमारतीच्या छताचा छेद, म्हणजे उभा कापून दाखवलेला आराखडा, मी रात्रंदिवस बसून काढला होता. तेव्हापासून ते छत खालून बघायचं होतं. आई गेल्यावर बाबा घरात नुसते बसून असायचे, म्हणून त्यांनाही घेऊन आले. चूक माझीच.

तिकिटावर तळघरातल्या खजिन्याची वेळ पावणेतीनची होती, म्हणून आधी तिथे गेलो. काचेच्या कपाटांत सोन्याचे प्याले, रत्नं जडवलेले क्रूस, जरीचे झगे. बाबा सगळ्यापुढून भाजीबाजारातून जावं तसे गेले. मला वाटलं, चला, दहा मिनिटांत सुटलो. आणि शेवटच्या कपाटापाशी ते थांबले.

सोन्याच्या दोन देवदूतांनी स्फटिकाची एक नळी धरली होती आणि नळीत एक दाढ होती. खाली लिहिलं होतं : संतबाईंची खालची उजवी दाढ.

"वरची आहे," बाबा म्हणाले.

बाबांनी एक्केचाळीस वर्षं दवाखान्यात लोकांचे दात काढले. मी त्यांची बाही ओढली.

"बाबा, असू दे ना. चला."

"असू दे कसं? तीन मुळं दिसतायत. खालच्या दाढेला दोन असतात. अहो! इकडे या जरा!"

पहारेकरी आला. बाबांनी त्याला आधी दाढ समजावली आणि मग स्वतःचा गाल बोटाने ओढून स्वतःच्या दाढा दाखवल्या. मागे रांग तुंबली. एका लहान मुलीने आपलंही तोंड उघडून आईला दात मोजायला लावले. मी भिंतीवरची आग विझवण्याची सूचना तिसऱ्यांदा वाचत होते.

पहारेकऱ्याने खजिना सांभाळणाऱ्या बाईंना बोलावलं. चांगल्या साठीच्या, करड्या स्वेटरमधल्या. आता आम्हाला हाकलणार, असं मला वाटलं. मनातून तेच हवं होतं. त्या मात्र भिंग घेऊन आल्या होत्या. बाबांनी ते घेतलं आणि दाढ सगळ्या बाजूंनी निरखली.

"मुळाच्या टोकाला गाठ आहे," शेवटी ते म्हणाले. आवाज एकदम बदलला होता, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचे तसा. "वर्षानुवर्षं पू धरत असणार. फार सोसलंय हो या बाईंनी."

"शेवटची सहा वर्षं त्यांनी मौन पाळलं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "आम्ही ते व्रत म्हणून सांगतो."

"असेलही व्रत. पण या दाढेने तोंड उघडवत नसणार त्यांना."

बाई कपाटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे त्यांचा जबडाही आहे. आतल्या खोलीत. लोकांना दाखवत नाही."

"पूर्ण?" बाबांनी विचारलं.

तीन वीस झाले होते. बाबांनी माझ्याकडे अशा चेहऱ्याने पाहिलं की मला ओरडताही येईना.

"जा तुम्ही," मी म्हणाले. "मी वर जाते. एकटी जाते. आणि मला हाक मारायची नाही."

जिना मी जवळजवळ पळतच चढले. वर कोणी फारसं नव्हतं. खांब वर वर जाऊन फांद्यांसारखे फुटत होते आणि रंगीत काचांतलं ऊन निळं-तांबडं होऊन फरशीवर पसरलं होतं. मी कागदावर छताची प्रत्येक फासळी मोजून काढली होती, पण मान इतकी मागे टाकावी लागते हे कागदावर कुठे कळतं? मी सरळ फरशीवर बसले. चाळीस मिनिटं माझ्याशी कोणीही काहीही बोललं नाही. डोळे भरून आले. रागाने की कशाने, कोण जाणे.

चारला घंटा झाली आणि आम्हाला बाहेर काढलं. पायऱ्यांवर मी अर्धा तास ताटकळत उभी. बाबा आले ते तरतरीत, बाही कोपरापर्यंत दुमडलेली.

"जबडा पुरुषाचा आहे," ते म्हणाले.

"काय?"

"हनुवटी बघून मला शंका आलीच होती. बाई डोक्याला हात लावून बसल्या आहेत बिचाऱ्या. तीन कपाटं आहेत अगं अजून! उद्या सकाळी दहाला परत बोलावलंय."

आमची परतीची गाडी सकाळी नऊची होती. ते त्यांना माहीत होतं.

"दुपारची गाडी असेल ना एखादी?" बाबांनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पायऱ्या उतरू लागले.