माझ्यासाठी बंद केलेल्या खिडक्या

मित्रांनो, जरा लांबूनच बघा. तारांना उगाच बोट लावू नका, म्हाताऱ्याला गुदगुल्या सोसत नाहीत. हो, तंबोराच मी, मिरजेचा. आता पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी एका दिवाणखान्यात उभा असतो. मला इथे कुणी आणलं आणि ती कशी गेली, ते सांगतो.

मिरजेच्या कारागिरानं माझा भोपळा सुकवला, कोरला, दांडी जोडली आणि तारांना झंकार देणारी जवारी अशी काही लावली, की दुकानातली माणसं बोलायची थांबली. थोडी बढाई मारतोय, मारू द्या. वसुधा तेव्हा कॉलेजात होती. तिनं मला घेतलं ते कायमचंच. पुढे लग्न होऊन अमेरिकेला निघाली, तेव्हा गोधड्यांत गुंडाळून मला बरोबर आणलं. विमानतळावर नवऱ्याच्या, अनिलच्या हातातसुद्धा देईना.

इथल्या हिवाळ्यात घरं हीटरनं तापवतात. त्या कोरड्या हवेनं पहिल्याच वर्षी माझा एक सांधा उकलला आणि वसुधाच्या तोंडचं पाणी पळालं. मग अनिलनं युक्ती काढली, मला बेसमेंटमध्ये, म्हणजे तळघरात, ठेवायची. तिथली हवा बारा महिने जवळपास सारखी. त्यानं तिथल्या खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलं, फटी बुजवल्या, दाराखाली पट्टी लावली. रविवारी काकूंचं गाणं ऐकायला येणारे मराठी विद्यार्थी म्हणायचे, "काका, तंबोऱ्याचे काय लाड आहेत हो!" मी आपला फुगून जायचो.

रोज पहाटे वसुधा खाली यायची, मला जवळ घ्यायची आणि खर्ज लावायची. खर्ज म्हणजे अगदी खालचा सूर. त्याला श्वास पोटापासून लागतो आणि तो लांबवावा लागतो. शेजारी तिची मुलगी मृणालिनी पेंगत बसायची. "आई, इट्स सो अर्ली, यार," अशी कुरकुरायची, पण बसायची. पोरीचा गळा आईच्याही वरताण होता, आणि आईला त्याचा केवढा अभिमान!

२००६च्या थंडीत वसुधाला खोकला लागला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. खोकला काही जाईना, मग जिना चढतानाही दम लागू लागला. डॉक्टरांनी फुप्फुसाचा कॅन्सर सांगितला. घरात कुणी सिगारेट ओढतं का, असं पुन्हा पुन्हा विचारलं म्हणे. अहो, या घरात कधी कुणी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही!

मृणालिनी तेव्हा युनिव्हर्सिटीत जनुकांवर, म्हणजे जीन्सवर, संशोधन करत होती. तिच्या प्रोफेसरबाईंनी वेगळंच विचारलं, आई घरात जास्त वेळ कुठे बसते? त्याच संध्याकाळी मृणालिनीनं हवा तपासायची, कोळसा भरलेली एक चपटी डबी माझ्या शेजारी आणून ठेवली आणि काही दिवसांनी तपासायला पाठवली. उत्तर आलं, रेडॉन. जमिनीतून घरात झिरपणारा वायू, त्याला ना रंग ना वास. त्याचा आकडा चारच्या वर गेला की उपाय करा म्हणतात. आमचा एकोणीस होता. बुजवलेल्या खोलीत तो कोंडून राहिला आणि वसुधा वर्षानुवर्षं तीच हवा ऊर भरून घेत राहिली. अनिल ते प्लास्टिक नखांनी ओरबाडत होता आणि लहान मुलासारखा रडत होता. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

मग वायू बाहेर काढणारा पाइप आणि पंखा बसवला. मला वर वसुधाच्या खोलीत आणून, गवसणी घालून कोपऱ्यात उभं केलं.

एवढ्यावर भागलं असतं तर! वसुधाची आईही सांगलीत याच रोगानं गेली होती, तंबाखूला कधी न शिवता, चुलीच्या धुरात जन्म काढून. म्हणून मृणालिनीनं आईचं आणि स्वतःचं रक्त प्रोफेसरबाईंच्या अभ्यासासाठी दिलं. निकाल तिनं माझ्यासमोरच सांगितला.

"आई, शरीरातली विषारी द्रव्यं निकामी करणारं एक जीन असतं. ते तुझ्यात नाहीये. माझ्यातही नाहीये. खूप लोकांत नसतं, नुसत्या त्यानं कॅन्सर होतोच असं नाही. पण वर अशी हवा मिळाली की रिस्क वाढू शकते."

वसुधानं तिच्या गळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुला गळा द्यायचा होता गं मला. हे काय देऊन बसले!"

"स्टॉप इट, आई. जीन्स काय तू निवडून दिलेस?"

पण त्या दिवसापासून वसुधानं शिकवणं बंद केलं. पोरगी पहाटे उठून आली की म्हणायची, "नको, जा, झोप." मुलीनं खोल श्वास घेतला तरी तिच्या अंगावर काटा यायचा. मी कोपऱ्यात धूळ खात राहिलो. मला माझं काही वाटलं नाही, त्या दोघींचं वाटलं.

२००८च्या एप्रिलमध्ये एका सकाळी मृणालिनीनं मला उचलून घरामागच्या उघड्या लाकडी डेकवर नेलं. अनिलनं वसुधाला शाल पांघरून खुर्चीत आणून बसवलं. तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. बाहेर गार वारं सुटलेलं, माझ्या तारा उतरलेल्या. जन्मात इतका बेसूर कधी वाजलो नव्हतो. मृणालिनी सूर लावायला गेली आणि आईकडे बघून अर्ध्या श्वासावरच थांबली. भीती आता तिच्यातही उतरली होती.

"घाबरू नकोस," वसुधा म्हणाली. एकेक शब्द तिला जड जात होता. "ही हवा चांगली आहे. भरून घे. अजून घे."

मृणालिनीनं श्वास घेतला. खर्ज लागला आणि स्थिर राहिला. वसुधा डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हं." तिच्याकडून एवढी दाद आजवर कुणाला मिळाली नव्हती.

मे महिन्यात ती गेली.

मित्रांनो, माझी काळजी फार घेतली गेली हो. मला हवा बाधू नये म्हणून सगळं घर झटलं, आणि माझ्या शेजारी बसणारी कुठली हवा घेते हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वाद्यं जपा, घरं जपा, पण आधी माणसं जपा. एवढंच मागणं आहे या म्हाताऱ्याचं.

मृणालिनी आता मला घेऊन घरोघरी गायला जाते. कुणाचं बोलावणं आलं की फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "येते ना काकू, पण तुमचं बेसमेंट टेस्ट केलंत?" पलीकडून नाही म्हटलं, की ती आधी एकटीच जाते आणि त्यांच्याकडे डबी ठेवून येते. गाणं नंतर.