गाळणी

खटपट्याने मथळा गाळणीत टाकला आणि एंटर दाबलं. खाली काहीच आलं नाही.

त्याने दुसरा टाकला, ‘पाणीपुरवठा सुरळीत होण्यास आणखी आठवडा’. खाली नुसता कर्सर लुकलुकत राहिला. तिसरा टाकला, ‘शाळेच्या मैदानावर भिंत कशाला?’ तोही गायब. मग जरा थांबून त्याने ‘पुलाचे काम 40 टक्के पूर्ण’ टाकलं. खाली आलं, 40.

त्याने खुर्ची मागे सरकवली. पुन्हा पुढे घेतली. कुणी बघत नाहीये ना, म्हणून मागे वळून पाहिलं.

गाळणी त्याचीच होती. दोन वर्षांपूर्वी, बंद पडलेल्या दैनिकाचे जुने अंक कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं तेव्हा सगळी मांडणी त्याने एकट्याने केली होती. कॉलेज नाही, क्लास नाही, व्हिडिओ बघून बघून शिकलेला. म्हणून ऑफिसात त्याला खटपट्या म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. प्रत्येक लेखाला एक पान लागतं, पानाला पत्ता लागतो, आणि पत्ता मथळ्यातून काढायचा. मोकळ्या जागी आडवी रेघ, आणि स्वल्पविराम, अवतरणं, प्रश्नचिन्हं वगैरे फेकून द्यायची. फेकायचं काम करणारी कोडची एक ओळ त्याने कुठूनतरी उचलून आणली होती. त्या ओळीचं म्हणणं एवढंच, की इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवा, बाकी सगळा कचरा.

त्याने तेव्हा ती दहा मथळ्यांवर करून पाहिली होती. दहाच्या दहा इंग्रजी. व्हिडिओत तसेच होते. दहाही स्वच्छ निघाले आणि त्याने आपलीच पाठ थोपटून घेतली.

पुढचे दोन नियमही त्याचेच. मथळ्यातलं सगळंच गळून गेलं तर पत्ता नुसता ‘लेख’ असा द्यायचा. आणि आधीचाच पत्ता पुन्हा आला तर ती दुरुस्ती समजायची, जुन्यावर नवीन चढवायचं. हा दुसरा नियम त्याने खास टाइप करणाऱ्या मावशींसाठी केला होता. काही चुकलं तर त्यांना दरवेळी त्याच्या टेबलापाशी यावं लागू नये म्हणून. तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, “बरं केलंस रे बाबा.”

मावशींनी दोन वर्षांत सहा हजार एकशे चाळीस लेख टाइप केले. आत उरले दोनशे अकरा. त्यातले दोनशे दहा मथळ्यातल्या आकड्यांच्या आधाराने जगले होते. उरलेला एक ‘लेख’ या पत्त्यावर होता, आणि त्या एका जागेवर हजारो जण आळीपाळीने बसून गेले होते, प्रत्येक जण आधीच्याच्या छातीवर. शेवटी बसलेल्याचा मथळा होता ‘कोपऱ्यावरचा दिवा आठ दिवसांपासून बंद’.

कुणाला कळलं कसं नाही? कळणार कसं. जतन केलं की मावशींसमोर आत्ताच टाइप केलेलं पान उघडायचं, अगदी बरोबर. वरचा आकडा रोज वाढायचा, कारण तो फक्त बटण किती वेळा दाबलं ते मोजायचा. रोजची राखीव प्रत निघायची, पण ती सातच दिवस टिकायची. आणि जो गठ्ठा टाइप होईल तो रद्दीत जायचा, कारण खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या.

सोमवारी संचालक मंडळाचे सगळे जमले. साइट उघडली. कुणीतरी आतले लेख मोजले, दोनशे अकरा. ऑफिसचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “मावशी, दोन वर्षं काय करत होतात तुम्ही?”

मावशींनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. “मी तर रोज जतन करत होते,” त्या म्हणाल्या.

तेव्हा खटपट्या बोलला होता, “बघतो मी.” एवढंच. आज शुक्रवार. मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

“सापडलं का रे काही?” शेजारच्या टेबलावरून मावशींनी विचारलं.

ओळ नुकतीच नीट करून झाली होती. त्याने स्क्रीनवरची खिडकी झटकन खाली केली. “बघतोय अजून.”

“राहू दे आता. डोळे फोडून घेशील. माझंच काहीतरी चुकलं असणार.”

“असं का म्हणता?”

“मग काय म्हणू? छापखान्यात एकतीस वर्षं काढली. एक प्रूफ परत आलं नाही माझं. पण तिथे चूक झाली तर कागदावर दिसायची तरी. इथे कुठे जाते देव जाणे.” त्यांनी कीबोर्डवरून फडकं फिरवलं. “भावजयीला सांगून बसलेय, आणखी दोन वर्षं काम आहे म्हणून. आता मी दिवसभर घरी म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. ती बिचारी बोलणार नाही. भांडी बोलतील.”

त्या हसल्या. त्याला हसायला हवं होतं. तो उठला.

“कुठे निघालास?”

“साहेबांकडे. आलोच.”

साहेब खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होते. जिना चढताना खटपट्याने वाक्य तीनदा घोकलं होतं, तरी बोलताना ते उलटंच बाहेर पडलं.

“साहेब, माझी चूक आहे. मावशींची नाही.”

साहेबांनी हातातला पाण्याचा मग खाली ठेवला नाही. पाणी घालत राहिले. खटपट्या बोलत सुटला. गाळणी, ती ओळ, दुरुस्तीचा नियम, आकडा. बोलताना त्याचे हात हवेत चालत होते. पाणी संपलं तसे साहेब वळले.

“ठाऊक आहे मला.”

“काय?”

“हेच. तुझी ती ओळ. माझा भाचा असलंच काहीतरी शिकतोय. मंगळवारी त्याला दाखवलं. चहा गार व्हायच्या आत शोधून दिली त्याने.”

खटपट्याचे कान तापले. त्याला स्वतःला चार दिवस लागले होते. भाच्याचंच आधी झोंबलं, आणि ते आधी झोंबलं याची मग लाज वाटली.

“मग मावशींना का काढताय?”

“मंडळाला एक नाव हवं होतं. तुझं दिलं असतं तर म्हणाले असते, माणूस बदला. नवीन साइट मग कोण उभी करणार, मी? टाइप करायला काय, कुणीही मिळतं.”

“साहेब, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं.”

“बरं. मग चोर कोण?” साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “सांग ना. लिहून देतोस?”

खटपट्याने खिशात हात घातला. तिथे काही नव्हतं. पुढच्या महिन्यात तो कायम होणार होता. घरी बाबा अजूनही दर रविवारी विचारायचे, पदवी नाही तर ठेवतील का रे तुला.

“हे बघ,” साहेब जरा मऊ झाले, “तिला सांगायचं असेल तर खुशाल सांग. मी अडवत नाही. पण ती उठून मंडळाकडे गेली, तर मला खरं ते बोलावं लागेल. बाकी तुझं तू ठरव. आणि ती ओळ तेवढी नीट कर.”

“केली,” खटपट्या म्हणाला.

जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. सांगायचं ते सांगून झालं होतं. जिला सांगायला हवं तिला नाही, पण झालं होतं.

तो मधल्या पायरीवर थांबला. कठड्याचा रंग नखाने खरवडला. मग खाली उतरला, थेट मावशींच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला, आणि त्याने तोंड उघडलं.

“बरं झालं आलास,” मावशी म्हणाल्या. टेबल आवरून झालं होतं. त्यांच्या हातात एक कागद होता, पट्टीने रेघा मारून वर गोल, एकसारख्या अक्षरात लिहिलेला. “एवढं वाच जरा. माझ्यानंतर जी कोण येईल ना, तिच्यासाठी लिहिलंय.”

त्याने वाचलं. मथळा आधी वहीत उतरवून घ्यावा. मजकूर टाइप झाल्यावर मोठ्याने वाचावा. जतनचं बटण सावकाश दाबावं, दाबून लगेच हात काढू नये. मग मनात दहापर्यंत मोजावं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या कालचं काम उघडून बघावं. त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली, ‘मी हे केलं नाही, म्हणून दोन वर्षांचं काम गेलं.’

“मावशी.”

“हं?”

पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

“ही शेवटची ओळ काढा.”

“का रे?”

“नको. चांगली नाही दिसत.”

“असू दे. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा. मला लागली, निदान तिला तरी लागायला नको.” त्या जवळ आल्या, कागदावर बोट ठेवलं. “हे दहापर्यंत मोजायचं बरोबर आहे ना? का आणखी वेळ लागतो त्याला? तूच सांग बाबा, तुला त्यातलं कळतं.”

तो त्या बोटाकडे बघत राहिला. बोटाचं टोक चपटं झालेलं होतं.

“दहा पुरे,” तो म्हणाला.

“बघ! एवढंसं होतं.” मावशींनी त्याच्या दंडावर थोपटलं. “तू मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्या ऑफिसात तू एकटा चार दिवस माझ्यासाठी बसलास. भावालासुद्धा सांगितलं मी. लाव तो आता. तिथे, स्क्रीनच्या वर. माझा हात पोचत नाही.”

तिथे प्लायची फळी होती. टाचणी शिरेना. त्याने अंगठा ठेवून जोर लावला, आणखी लावला, तेव्हा कुठे ती आत गेली.

मावशी पर्स खांद्याला अडकवून दोन पावलं मागे सरकल्या. छापखान्यात प्रूफ बघायच्या तसा एक डोळा बारीक केला.

“उजवीकडे झुकलाय रे,” त्या म्हणाल्या. “सरळ कर.”

त्याने सरळ केला.