कडेपलीकडचे थेंब

ईश्वरीच्या डोळ्यांत थेंब टाकले, की लातूरच्या त्या घराची एखादी कड नाहीशी व्हायची. आधी उजवीकडचं पपईचं झाड गेलं, मग न्हाणीघर. तिची आई रत्नमाला मोठी खमकी. झाडायला तेवढंच कमी, असं म्हणून तिने आंघोळीची बादली अंगणात मांडली.

डोळ्यांना मात्र गुण आला होता. डाळमिलची धूळ उडाली, की पोरगी डोळे चोळून चोळून लाल करायची. थेंब पडले, की लाली गायब. डॉक्टरांनी ते आठवडाभरच टाकायला सांगितले होते. पण गुण आलेलं औषध मध्येच कोण सोडतं? बाटली संपली, की रत्नमाला रिकामी बाटली मेडिकलच्या काचेवर ठेवून "हेच द्या" म्हणायची आणि दुकानदार आप्पा द्यायचे. दोन उन्हाळे हे बिनबोभाट चाललं. शेजारच्या पोरांच्या डोळ्यांतही तिने मोठ्या मनाने थेंब टाकले, तेव्हा शेजाऱ्यांचे जिने गेले. कुणाची तक्रार आली नाही.

घर बोळाएवढं उरलं. ईश्वरी मधोमध बसून नाकासमोर बघायची. ताटातली चटणी तिला सापडेना, कारण त्या बाजूला ताटच नव्हतं. एका सकाळी तर तिचा बापही दिसेना. चहा झाला का, एवढाच त्याचा आवाज आला. तेव्हा कुठे रत्नमालेने डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

डोळ्यांचे डॉक्टर बोळात स्टूल टाकून बसले. थेंबांनीच डोळ्यांतला दाब वाढवला होता, आतली नस सुकत चालली होती.

"गेलं ते परत येणार नाही," ते म्हणाले. "हे थेंब बंद करा. नवं औषध देतो, त्याने उरलंय ते राहील."

"राहील म्हणजे राहीलच," रत्नमाला म्हणाली. हातात घेतलेलं काम तिने कधी अर्धवट सोडलं नव्हतं. डॉक्टर जाताच तिने फळीवरची बाटली उचलली आणि फेकायला हात लांब केला.

"आई, समोर ये ना," ईश्वरी म्हणाली. "तुला हात नाही."

रत्नमालेने पाहिलं. हात कोपरापर्यंतच होता. पुढचा, बाटलीसकट, कडेपलीकडे गेला होता. तिने मूठ उघडायचा प्रयत्न केला. बोटांना कुणाची तरी चिमुकली पापणी लागली, आणि सवयीचा अंगठा बाटली दाबू लागला.